छोटी गोळी, पुळ्या आणि तो लालपणा

गोळी सुरू करताना पोटात गोळाच आला होता, कारण डॉक्सिसायक्लिन म्हणजे अँटिबायोटिक आणि ते महिनोनमहिने खायचं म्हटल्यावर पोटाचं काय होणार, उद्या खरंच गरज लागली तर ते काम करेल का, असलं सगळं डोक्यात. पण डॉक्टरांनी नीट सांगितलं. ही रोझेशियासाठीची (म्हणजे चेहऱ्यावर लाली आणि पुळ्या आणणारा त्वचेचा आजार) कमी डोसची गोळी, ४० मिग्रॅ, त्यातलं ३० लगेच सुटतं आणि १० नंतर सावकाश. इन्फेक्शनला १०० नाहीतर २०० देतात दिवसाला. ४० मध्ये रक्तातली पातळी जंतू मारण्याइतकी चढतच नाही, त्यामुळे इथे ते अँटिबायोटिक म्हणून नाही तर सूज उतरवायला वापरतात. आपल्या त्वचेत कॅथेलिसिडिन नावाचं प्रोटीन असतं, रोझेशियात ते जास्त बनतं आणि त्याचे नको ते तुकडे पडतात, त्यावरून जळजळ, लाली. हे तुकडे पाडणाऱ्या एन्झाइमला गोळी आवर घालते. हे ऐकून मला बरंच हलकं वाटलं, नुसतं "घ्या, बरं वाटेल" म्हणाले असते तर मी मधेच सोडली असती.

सुरुवातीला काहीच फरक नाही. रोज बघायचं, रोज चिडायचं. मग हळूहळू हनुवटीच्या पुळ्या बसायला लागल्या, नव्या येणंही कमी झालं. याच्यावरच्या ट्रायल १६ आठवड्यांच्या होत्या म्हणे, म्हणजे घाई करून उपयोग नाहीच.

पण गाल? गाल लालच आहेत. ऊन, गरम खोली, तिखट, कशानेही भडकतात आणि कोणीतरी विचारतंच, काय गं, लाजलीस का? (हो ना, बिल भरताना लाजले.) ही गोळी पुळ्यांवर चालते, भडकणाऱ्या लालीवर आणि दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर फारशी नाही, त्या वाहिन्यांना लेझर लागतो. हे आधीच माहीत असलं तर अर्धी निराशा वाचते.

बाकी कटकटी बारीकसारीक. भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत अडकून जळजळते. लोह, कॅल्शियमच्या गोळ्या, अँटासिड यांच्यासोबत नाही, नीट शोषली जात नाही. ऊन जास्त लागतं म्हणून सनस्क्रीन कंपल्सरी, तसंही रोझेशियाला ते लागतंच. गरोदरपणात ही चालत नाही, सुरू करायच्या आधीच विचारून घेतलं त्यांनी.

जमलं नाही तर कमी डोसचं आयसोट्रेटिनॉइन नावाचं दुसरं औषधही असतं म्हणाले, पण त्यात गर्भाला मोठा धोका आणि रक्ततपासण्या, त्यामुळे सध्या नकोच. पुढच्या व्हिजिटला गोळी थांबवून नुसत्या पुळ्यांवर लावायच्या आयव्हरमेक्टिन क्रीमवर भागतंय का ते बघायचंय, आणि लेझरला किती सिटिंग लागतील तेही विचारायचंय.