तुम्ही विचारलंत म्हणून: युद्ध नको म्हणता, मग गर्भपात कसा चालतो?

गेल्या महिन्यात सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बोलायला गेले होते. विषय होता बायकांचं आरोग्य आणि कायदा. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. बारीक कापलेले केस, पायात पळायचे बूट. भरतीची तयारी करणारी पोरं आमच्याकडे लांबूनही ओळखू येतात. त्यानं अगदी नम्रपणे विचारलं, "मॅडम, तुम्ही युद्ध नको म्हणता, कारण त्यात जीव जातात. मग गर्भपाताच्या बाजूनं कशा बोलता? तिथं जीव जात नाही का? आणि वर 'लेक वाचवा' पण म्हणता."

हा प्रश्न मला तीस वर्षं विचारला जातोय. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, माझ्या सख्ख्या भावाकडूनसुद्धा. स्टेजवर पाच मिनिटांत जमलं तेवढं बोलले, पण मुलाचं समाधान झालं नाही आणि माझंही नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते.

आधी युद्धाचं, कारण ते आमच्या घरात येऊन गेलंय. आमचा जिल्हा फौजींचा. मिलिटरी अपशिंगेसारखी गावं आहेत, जिथं पिढ्यानपिढ्या घरटी एक तरी माणूस सैन्यात असतो. माझे धाकटे काका १९७१ च्या डिसेंबरात गेले. मी पाच वर्षांची होते. मला आठवते ती त्यांची काळी पत्र्याची ट्रंक. पांढऱ्या रंगात नाव, खाली नंबर, आणि एका कोपऱ्याला पोचा. ती घराच्या सोप्यात ठेवली होती आणि येणारा प्रत्येक जण आधी ट्रंकेकडे बघायचा, मग काकीकडे. काकी तेव्हा बावीस वर्षांची होती. पदरात दोन मुली आणि तिसऱ्यांदा दिवस गेलेले, तिसरा महिना. आलेली प्रत्येक बाई म्हणायची, "त्याची निशाणी आहे पोटात, जप." पुढं तिला सत्काराला बोलवायला लागले, साडी, नारळ, वीरपत्नी. तिनं पुढं कसं जगायचं, माहेरी जायचं की इथंच राहायचं, शिकायचं का, तीन पोरांना कशानं वाढवायचं, हे तिला कुणीही विचारलं नाही. सगळं ठरवून झालं आणि मग तिला सांगितलं.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये संसदेनं वैद्यकीय गर्भपाताचा कायदा केला होता आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. आमच्या सोप्यापर्यंत ती बातमी पोचली नाही, पोचली असती तरी काही बदललं असतं असं वाटत नाही. काकीला मुलगाच झाला. चांगला झाला, शेती बघतो. फार वर्षांनी, तिच्या सत्तरीत, मी तिला विचारलं की तुला ते मूल हवं होतं का. ती म्हणाली, "हवंच हुतं की. पण कुणीतरी इचारलं असतं तर बरं वाटलं असतं गं."

माझं सगळं राजकारण त्या एका वाक्यात आहे. म्हणजे ते वाक्य ऐकायच्या आधीपासून मी हे काम करते, पण मला काय म्हणायचंय ते मला तिनं सांगितलं.

म्हणून त्या मुलाला पहिलं उत्तर हे, की मी युद्धाला विरोध करते तो केवळ 'जीव जातात' म्हणून नाही. ज्यांचे जातात त्यांना कुणी विचारलेलं नसतं, म्हणून करते. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला २६ माणसं मारली. त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली होती. माझं रक्त उकळलं, अजून उकळतं. मारणाऱ्यांना शिक्षा व्हावी यात मला काडीची शंका नाही. पण त्यानंतरच्या दिवसांत एक गोष्ट मी जवळून पाहत होते. लग्नाला आठवडासुद्धा झाला नव्हता अशी एक मुलगी नवऱ्याच्या देहाशेजारी बसलेली, तो फोटो सगळ्या देशानं पाहिला, तिच्या नावानं बदला मागितला. तीच मुलगी काही दिवसांनी म्हणाली की मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता हवी आणि न्यायही हवा. त्याबरोबर तिच्यावर जे गलिच्छ शब्द पडले, त्याची राष्ट्रीय महिला आयोगालाही दखल घ्यावी लागली. तिचं दुःख लोकांना हवं होतं. तिचं मत नको होतं. पुढं ७ मे ते १० मे या भारत-पाकिस्तान संघर्षाच्या चार दिवसांत पूंछमध्ये तोफगोळ्यांनी घरात बसलेली माणसं मारली, त्यात लहान मुलं होती. सीमेपलीकडेही मुलं होती. मला ती वेगळी मोजता येत नाहीत.

'जीव' हा शब्द मोठी माणसं कसा वापरतात हे बघायचं तर दोन बातम्या शेजारी ठेवा. डिसेंबर २०२३ मध्ये गाझातल्या सगळ्यात मोठ्या वंध्यत्व उपचार केंद्रावर गोळा पडला. द्रवरूप नायट्रोजनच्या टाक्यांची झाकणं उडाली आणि गोठवून ठेवलेले चार हजारांहून जास्त भ्रूण नष्ट झाले. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की अशा टाकीतला भ्रूण म्हणजे कायद्यानं मूलच. त्या न्यायालयाच्या बाजूनं बोलणाऱ्या पुढाऱ्यांपैकी कुणी त्या चार हजारांबद्दल हळहळल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. मला स्वतःला भ्रूणापेक्षा त्या जोडप्यांचा विचार येतो. इंजेक्शनं घेतलेली, पैसे साठवलेली, मूल हवं म्हणून वर्षानुवर्षं धडपडलेली माणसं. प्रजननाचा हक्क म्हणजे मूल नको म्हणण्याचा हक्क असं बरेच जण समजतात. हवं असलेलं मूल होऊ देण्याचाही तोच हक्क आहे, आणि युद्ध तो आधी हिरावतं. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधल्या मारियुपोलच्या प्रसूतिगृहावर बॉम्ब पडला. स्ट्रेचरवरून नेत असलेल्या त्या गरोदर बाईचा हात पोटावर होता. ती वाचली नाही, बाळही नाही.

आता गर्भपाताकडे येते. सरकारला, समाजाला, धर्मगुरूंना बाईच्या पोटातलं मूल कधी हवं असतं, कधी नको असतं. त्यांचं मत बदलतं, पण ठरवायचं आपणच ही खात्री बदलत नाही. रुमानियात १९६६ साली हुकूमशहा चाउशेस्कूनं गर्भपातावर बंदी घातली, कारण देशाला माणसं हवी होती. बायका चोरून उपाय करत राहिल्या आणि हजारोंनी मेल्या. डिसेंबर १९८९ मध्ये तो पडल्यावर नव्या सरकारनं अगदी पहिल्या दिवसांत जे कायदे रद्द केले त्यात हा होता. आपल्याकडे उलटं घडलं. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८१ लाख नसबंद्या झाल्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर १९७६ मध्ये तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते टळलं. हे आमच्या तरुण कार्यकर्त्यांनाही माहीत नसतं.

आजचं बघा. आपल्या राज्यात २००१ नंतर तिसरं मूल झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायला बंदी आली. मी अशा बायका पाहिल्यात, ज्यांचं सरपंचपद राखावं म्हणून नवऱ्यानं तिसरा गर्भ पाडायला लावला. आणि अशाही पाहिल्यात, ज्यांना नवऱ्याला मुलगा हवा म्हणून तिसरं मूल झालं आणि पद गेलं ते तिचं. दुसरीकडे डिसेंबर २०२४ मध्ये नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत म्हणाले की तीन मुलं हवीत. त्याच सुमाराला चंद्राबाबू नायडू आंध्रात लोकांना जास्त मुलं होऊ द्या म्हणत होते, आणि तिथली दोन मुलांची अट काढूनही टाकली. एकाला दोन हवीत, एकाला तीन. ज्या बाईला नऊ महिने वाहायचंय आणि पुढं वीस वर्षं निस्तरायचंय, तिला किती हवीत?

बीडचं तर बोलवत नाही. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुट्टी नाही. एक दिवस खाडा केला तर दंड. पाळीत उसाच्या फडावर काय करायचं? तर पिशवी काढून टाकायची. २०१९ मध्ये हे उघड झालं. सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कितीतरी तिशी-पस्तिशीच्या. एक बाई मला म्हणाली, "डॉक्टर म्हणले कॅन्सर हुईल, मुकादम म्हणला खाडा हुईल, मग मी काय म्हणू?" कागदावर तिचा अंगठा आहे. म्हणजे तिची संमती आहे. नुसत्या अंगठ्याला मी संमती मानत नाही. पर्याय असेल, माहिती असेल आणि नाही म्हटल्यावर चूल बंद पडणार नसेल, तेव्हा हो म्हणण्याला अर्थ येतो.

इथंच 'लेक वाचवा'चं उत्तर आहे, आणि इथं आमच्या चळवळीची एक चूकही आहे. महाराष्ट्रानं १९८८ साली देशात सगळ्यात आधी गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, तो मुंबईतल्या बायकांच्या आणि डॉक्टरांच्या रेट्यामुळे. १९९४ मध्ये तो देशभर झाला. तरी २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली निघाल्या. आम्ही हादरलो. पोस्टर काढली. पोटातली मुलगी बोलतेय, 'आई, मला मारू नकोस'. मीही ती गावोगाव लावली. आज त्यांची आठवण आली की वाईट वाटतं. आम्ही आईला खुनी ठरवलं. सोनोग्राफीवाला सुटला, सासरा सुटला, हुंडा सुटला. 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द आम्हीच घराघरात पोचवला आणि लोकांनी त्यातली 'हत्या' तेवढी धरली. परिणाम असा की धाडी पडायला लागल्यावर औषध दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. नऊ आठवड्यांच्या आत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायच्या गोळ्या, ज्या वेळेला मुलगा-मुलगी कळतही नाही! आता मी 'गर्भलिंगनिवड' म्हणते. गुन्हा लिंग शोधून मुलगी नको म्हणण्यात आहे, गर्भपातात नाही.

यावर तुम्ही म्हणाल, आणि म्हणालाही आहात, की एखादीला स्वतःलाच मुलगा हवा असला तर? असते, अशा भेटतात. तीन मुलींवर मार खाल्लेली बाई चौथ्या वेळी मुलगा मागते, तेव्हा तिच्या तोंडून घर बोलत असतं. तिला जेलमध्ये टाकून ते घर बदलत नाही. पण याचं स्वच्छ उत्तर माझ्याकडे आहे असा दावा मी करणार नाही.

बऱ्याच जणांना वाटतं की आपल्याकडे गर्भपात हा हक्क आहे. तसा नाही. तो आजही मुळात गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ खाली, आणि १९७१ चा कायदा ही त्यातली पळवाट आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, वीस ते चोवीसमध्ये ठरावीक बायकांसाठी दोघांचं. त्यापुढं बाळात मोठं व्यंग असेल तरच, तेही मेडिकल बोर्डानं मान्य केलं तर. (जीव धोक्यात असेल तर गोष्ट वेगळी.) २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चोवीस आठवड्यांची मुभा अविवाहित बाईलाही आहे. आम्ही पेढे वाटले. वर्षभरानं, ऑक्टोबर २०२३ मध्ये, दोन मुलांच्या आईला त्याच न्यायालयानं सव्वीसाव्या आठवड्यात नकार दिला. बाळंतपणानंतरच्या नैराश्यावर तिचे उपचार चालू होते.

आणि कायद्यात आहे तेवढंही मिळत नाही. दोन वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्याकडे आली. एकवीस वर्षांची, लग्न न झालेली, आठवा आठवडा. एका खासगी दवाखान्यात तिला सांगितलं होतं, नवऱ्याची नाहीतर वडिलांची सही आणा. मी तिच्याबरोबर गेले. काउंटरवरच्या बाईनं मान वर न करता फॉर्म पुढं सरकवला आणि सहीच्या दुसऱ्या रेघेवर पेन टेकवलं. पोरीच्या तळहाताला इतका घाम होता की फॉर्मचा कोपरा ओला झाला. अठरा वर्षं पूर्ण असतील तर फक्त त्या बाईची संमती लागते, दुसऱ्या कुणाचीही नाही. हे १९७१ पासून कायद्यात लिहिलंय. मी ते कलम छापील घेऊन गेले होते. डॉक्टरांनी वाचलं, म्हणाले, "आमची पद्धत आहे." दुसरीकडे न्यावं लागलं. तोपर्यंत नववा आठवडा संपला होता आणि गोळ्यांवर जे झालं असतं त्यासाठी भूल द्यावी लागली.

तो जीव नाही का, असं त्या मुलानं विचारलं होतं. आहे. त्यात जिवंत काहीच नाही असं मी कधी म्हटलं नाही, आणि ज्या बायकांबरोबर मी दवाखान्याच्या बाकावर बसले त्यांतल्या एकीनंही तसं म्हटलं नाही. पण एका माणसाच्या देहाच्या आत, त्याच्या रक्तावर वाढणारं काही असेल, तर त्या माणसाला बाजूला सारून निर्णय घेता येत नाही. घेतला की काय होतं ते आपल्या बेळगावच्या सविता हलप्पनवारच्या बाबतीत जगानं पाहिलं. ऑक्टोबर २०१२, आयर्लंडमधलं गॉलवे. सतरावा आठवडा, गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना माहीत होतं. ती गर्भपात करा म्हणून विनवत होती, आणि ठोके चालू आहेत म्हणून करत नव्हते. जंतुसंसर्ग होऊन ती गेली. एकतीस वर्षांची होती. मे २०१८ मध्ये त्या देशानं गर्भपातबंदी काढायला ६६ टक्के मतांनी आपली घटना बदलली. पुढं अमेरिका मात्र उलटी निघाली. १९७३ पासून असलेला हक्क तिथल्या न्यायालयानं जून २०२२ मध्ये काढून घेतला.

भाषण संपल्यावर तो मुलगा स्टँडवर भेटला. अग्निवीरची तयारी करतोय म्हणाला. चार वर्षं, मग चौघांतला एक कायम, बाकीचे घरी. २०२२ मध्ये ही योजना आली तेव्हा तयारीतल्या कुठल्या मुलाला विचारलं होतं, असं मी त्याला विचारलं. तो हसला नाही. म्हणाला, "आम्हाला कोण विचारतंय मॅडम."

मी म्हटलं, हेच मी मघापासून सांगतेय. तुला जायचंय तर जा, तो देह तुझा आहे, मी अडवणार नाही. पण तुला पाठवणाऱ्याला कशासाठी ते विचारायचा हक्क सोडू नकोस, आणि तुझ्या घरच्या बायकांचा हक्कही तोच समज. आईला विचारलंस का, म्हटलं. तो थोडा वेळ बुटांकडे बघत राहिला. "सांगितलंय," म्हणाला, "विचारलं नाही."