टिनावरचं पाणी

खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागातल्या लेकरांना पाण्याचं मोल वेगळं शिकवावं लागत नाही, असं बाहेरच्यांना वाटतं. ते खरं नाही. आमच्या घरी गोड्या पाण्याचा हंडा माय आणायची, नाहीतर मोठी बहीण. बाबा आणि भाऊ नुसते प्यायचे. ज्याच्या डोक्यावर कधी हंडा आलाच नाही, त्याला ते मोल कुठून कळणार? आपल्या शाळेनं हे ओळखलं आणि पहिलीच्या वर्गापासून कामाला सुरुवात केली. पन्नास वर्षांत शाळेनं पुष्कळ काही केलं, पण माझ्या लेखी सर्वांत मोठं काम तेच.

आपला हा पट्टा पूर्णा नदीच्या खोऱ्यातला. अमरावती, अकोला, बुलडाणा असा तीन जिल्ह्यांत पसरलेला. माती काळी, खोल, चांगली. पण विहीर खणली की पाणी खारं. त्यामुळे कपाशी, मूग, तूर सगळं आभाळाच्या भरवशावर. हे आमच्या पुस्तकात कुठं नव्हतं. मोठ्या गुरुजींनी ते दोन जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) ताटल्यांत दाखवलं. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत टाक्यात साठवलेलं पावसाचं. दोन्ही ताटल्या उन्हात ठेवल्या. पाणी आटलं तेव्हा विहिरीच्या ताटलीत पांढरा थर उरला होता. गुरुजींनी आम्हाला तो बोटानं चाटायला लावला आणि म्हणाले, "असंच मीठ वावरात साचते." मग दोन मडक्यांत मूग पेरले. एकाला हे पाणी, एकाला ते. खाऱ्या पाण्याच्या मुगाची पानं कडेनं जळत गेली, तेव्हा वर्गातली पोरं रडवेली झाली होती. त्या वयात झाड आपलं असतं.

चौथीत आलो की पाऊस मोजायचा. मोजपात्र मुलांच्या ताब्यात, नोंदवहीही मुलांच्याच हाती. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं, एवढंच गुरुजींनी सांगितलं. पुढचं आमचं आम्ही करायचं. टेप धरून आम्ही शाळेच्या छपराखालची जागा मोजली: १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद. म्हणजे ७२ चौरस मीटर. दहा मिलिमीटर पाऊस आला तर ७२० लिटर! आणि वर्षाला ७०० मिलिमीटर धरला तर ५०,४०० लिटर. पन्हाळीतून थोडं उडतं, थोडं वाया जातं, ते गुरुजी नंतर वजा करायला लावत. मी घरी येऊन आजीला हा आकडा सांगितला. ती कितीतरी वेळ आमच्या टिनांकडं पाहत बसली. "एवढं पानी आपल्या डोक्यावरून वाहून जाते वं माय?" असं तिनं मला तीनतीनदा विचारलं. त्या पावसाळ्यात बाबांनी घरालाही पन्हाळ लावली.

मृगाच्या आधी टिनं झाडून घ्यायची, ते काम मोठी माणसं करत. पहिल्या पावसाचं पाणी टाक्यात जाऊ द्यायचं नाही, कारण त्यात धूळ आणि पाखरांची घाण असते. टाक्याच्या तोंडाला बांधलेलं सुती फडकं धुणं आणि झाकण नीट बसलं का पाहणं, ही आमची पाळी. पाळीत मुलगा-मुलगी भेद नव्हता. जेवणाआधी पाणी वाढायची पाळीही तशीच. मुलगे वाटी-वाटीनं पाणी वाढताहेत आणि मुली ओळीत बसून पिताहेत, हे आमच्या गावात तोवर कुणी पाहिलं नव्हतं. एका पोराचे वडील तावातावानं शाळेत आले, "आम्ही पोट्ट्याले शिकाले धाडतो, पानी वाढाले नाई." गुरुजींनी त्यांना वर्गात बसवलं आणि त्यांच्याच मुलाला फळ्यावर त्यांच्या घराच्या छपराचं गणित करायला सांगितलं. ते पुढं काही बोलले नाहीत. मला तो प्रसंग आठवला की आजही अभिमान वाटतो, कारण गुरुजींनी त्या माणसाचा मान ठेवूनच त्याला समजावलं होतं.

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडते. त्या दिवसांत कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा असतो. लहान वर्गांनी त्या वेचायच्या, धुवायच्या, सावलीत वाळवायच्या. पुढं पाच किलो निंबोळीची पूड रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाणी केलं की पाच टक्क्यांचा अर्क होतो. तो कपाशीवर मोठी माणसं फवारत. विषारी औषधाच्या डब्याला हात लावायचा नाही, हे आम्हाला वेचता वेचताच पक्कं समजलं.

पुढं डी.एड.ला मी नई तालीम शिकले. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातच्या कामातून शिक्षण हा विचार मांडला, तो परीक्षेपुरता पाठ करायची मला गरजच पडली नाही. मी त्यातूनच आले होते.

आज मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. वसुंधरा दिनाला मुलं पृथ्वीचं चित्र काढतात, खाली 'पृथ्वी वाचवा' लिहितात. सहा वर्षांच्या लेकराला हे ओझं कशाला? ते घाबरतं, नाहीतर विसरून जातं. त्याला एक माठ सांभाळायला द्या, एक वाफा द्या. तेवढं ते जिवापाड करतं. माझ्या वर्गात दोन ताटल्यांचा प्रयोग दरवर्षी होतो.

आता गावात नळयोजना आली आहे. मध्यंतरी शाळेत आले तेव्हा टाकं तसंच भक्कम दिसलं, पण पन्हाळ दोन ठिकाणी तुटलेली आहे. आमच्या तुकडीतल्या मुलामुलींनी तिच्यासाठी वर्गणी काढली आहे. मृगाआधी काम व्हावं, आणि पावसाची नोंदवही पुन्हा चौथीच्या मुलांच्या हाती द्यावी, एवढी मुख्याध्यापकांना विनंती. मोजपात्र मी घेऊन येते.