पाण्याकडे तोंड, डोंगराकडे पाठ

वारेन्ना गावाच्या वरच्या अंगाला, पायवाटेलगतच्या एका लहानशा वाडीत भिंतीतल्या नळीतून दगडी डोणीत पाण्याची धार पडत होती. माझ्या पत्नीने बाटली भरून घेतली आणि सवयीने ती तोटी शोधू लागली. तोटी कुठेच नव्हती. डोंगरातल्या झऱ्याचे ते पाणी रात्रंदिवस असेच पडते, डोण भरली की काठावरच्या खाचेतून पन्हळीत उतरते आणि पायऱ्यांच्या कडेकडेने खाली तलावाला जाऊन मिळते. "अहो, हे असंच सोडून जायचं?" तिने विचारले. मुलगी हसली, मला मात्र हसू आले नाही. आम्ही अंबाजोगाईहून निघालो तेव्हा मे महिन्याचा तिसरा आठवडा चालू होता आणि आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदाच पाणी येत होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, पहिल्या खेपेला दहा टाक्यांतून पाच लाख लिटर, तेव्हा माझी बहीण लातुरातच राहत होती आणि आम्ही येथून तिच्याकडे कॅन पाठवत होतो. वाहते पाणी पाहून आधी तोटी आठवणाऱ्या माणसांनी इटलीतील कोमो तलावाकाठी आठ दिवस कसे काढले, त्याचा हा वृत्तांत आहे.

मुलगी नोकरीनिमित्त मिलान येथे असते. तिथल्या मुख्य स्थानकावरून गाडीत बसले की तासाभराच्या अंतरावर वारेन्ना येते आणि लेक्को शहर मागे पडल्यानंतर रूळ तलावाला लागूनच धावू लागतात. उलट्या इंग्रजी 'वाय' अक्षराच्या आकाराच्या या तलावाचे जुने नाव लारियो. उत्तरेला कोलिकोजवळ आद्दा नदी त्यात शिरते आणि आग्नेय फाट्याच्या टोकाला लेक्को येथून बाहेर पडते. दुसऱ्या फाट्याच्या टोकाशी कोमो शहर आहे, तिथून पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तलाव फुगला की कोमोच्या काठावरच्या चौकात पाणी शिरते.

आयुष्यभर भूगोल शिकवल्यामुळे मला आकड्यांची तुलना केल्याशिवाय राहवत नाही. कोमोचा पसारा १४६ चौरस किलोमीटर, तर पैठणचा आपला नाथसागर पूर्ण भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो. पसाऱ्यात आपण दुपटीहून मोठे ठरतो, पण साठ्याचा हिशेब मांडला की कोमोत नाथसागराच्या सात पटींहून अधिक पाणी निघते. कारण तो हिमनदीने कोरलेला दरा आहे. खोली ४०० मीटरहून जास्त, आणि पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर उंच. म्हणजे तळ समुद्रसपाटीच्याही दोनशे मीटर खाली. नाथसागर परातीसारखा पसरलेला आहे आणि आपले ऊन परातीतले पाणी कसे उडवते, हे मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही.

पहिले दोन दिवस आम्ही इतर प्रवाशांसारखेच बोटीतून फिरलो. बोटीतून गावे फार देखणी दिसतात. पिवळ्या, गेरूच्या, फिकट गुलाबी रंगांची घरे एकमेकांच्या खांद्यावर उभी असल्यासारखी, खाली कमानींच्या आत होड्या, मधून वर आलेला चर्चचा मनोरा. पुढे लक्षात आले की हे गावाचे तोंड आहे. शेकडो वर्षे येथला रस्ता म्हणजे पाणीच होता. पाहुणा, व्यापारी, सरकारी माणूस, सगळे पाण्यावरूनच यायचे, म्हणून घराने नटून बसायचे ते पाण्याकडे तोंड करून. वाऱ्यांनाही त्यामुळे नावे पडली. सकाळी उत्तरेकडून वाहतो तो तिवानो, दुपारी दक्षिणेकडून येतो तो ब्रेवा, आणि शिडाच्या होड्या त्या वेळापत्रकाने ये-जा करत. पूर्वकाठावर तर डोंगर इतका सरळ पाण्यात उतरतो की काठालगतचा गाडीरस्ता ऑस्ट्रियाच्या राजवटीत, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला आणि आगगाडी त्याच शतकाच्या अखेरीस आली. तोवर जमिनीवरून जायचे तर खेचरांची एकच वाट होती, गावांच्या पाठीमागून डोंगराच्या कुशीने जाणारी.

ती वाट आजही आहे. तिचे नाव 'सेंतिएरो देल वियांदांते', म्हणजे वाटसरूची पायवाट. आब्बादिया लारियानापासून कोलिकोच्या पुढपर्यंत ती सुमारे ४५ किलोमीटर जाते आणि वळणावळणावर नारिंगी रंगाच्या पाट्या लावलेल्या आहेत. खालून रेल्वे समांतर जात असल्याने माझ्यासारख्या गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला ती तुकड्यातुकड्यांनी चालता येते. एका गावातून निघायचे, पुढच्या गावी उतरायचे आणि गाडीने परत यायचे.

आम्ही निघालो वारेन्नाहून. निघण्यापूर्वी चौकातील सान जोर्जोचे चर्च पाहिले. १३१३ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. आतली फरशी याच गावच्या खाणीतल्या काळ्या संगमरवराची, आणि बाहेरच्या भिंतीवर संत क्रिस्तोफरचे चौदाव्या शतकातील भलेमोठे चित्र आहे. हा प्रवाशांचा संत. त्याचे दर्शन घेऊन निघालेल्याला वाटेत अपघाती मरण येत नाही, अशी जुनी श्रद्धा, म्हणून त्याला दुरून दिसेल इतके मोठे काढायची पद्धत होती. पत्नीने हात जोडले. तिथून दगडगोट्यांनी बांधलेली उभी चढण वेत्सिओच्या किल्ल्याकडे जाते. एकेकाळी इटलीवर राज्य करणाऱ्या लाँगोबार्ड लोकांची राणी तेओदोलिंदा हिच्याशी या किल्ल्याचे नाव जोडतात, पण त्यात दंतकथेचा भाग बराच असावा. मला किल्ल्यापेक्षा त्याच्या पायथ्याशी असलेली ऑलिव्हची झाडे मोलाची वाटली. आल्प्सच्या इतक्या जवळ ऑलिव्ह तगते ते तलावामुळे. एवढा पाण्याचा साठा उन्हाळ्यात ऊब धरून ठेवतो आणि हिवाळ्यात हळूहळू सोडतो. शाळेत हे वाक्य मी तीस वर्षे फळ्यावर लिहिले, त्याचे झाड प्रथमच पाहिले.

आणि ती झाडे ज्या पायऱ्यांवर उभी आहेत त्या पायऱ्या. सबंध डोंगर खालपासून वरपर्यंत दगडी बांधांनी अडवलेला आहे. चुना नाही, सिमेंट नाही. मोठा दगड खाली, त्याच्या फटीत चीप, चिपेवर पुन्हा दगड, तोंड किंचित डोंगराकडे कललेले, म्हणजे मातीचा रेटा आला की भिंत अधिकच घट्ट बसते. पावसाचे पाणी फटींतून झिरपून जाते, म्हणून ती फुगत नाही. एका बांधापाशी मी बराच वेळ थांबलो. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो आणि आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जात असे. सुट्टीच्या दिवशी मीही मागे जायचो. पुढे त्याच कामावर नाल्याचा बांध घातला गेला तेव्हा एक म्हातारे गवंडी प्रत्येक दगड हातात फिरवून म्हणायचे, "दगडाला पोट असतं अन् पाठ असते; पोट आत घाल." कोमोच्या त्या बांधात प्रत्येक दगडाचे पोट आत होते. कोणी, कधी रचला, ते कुठे कोरलेले नाही. खालच्या प्रासादांवर मात्र मालकांची नावे, पदव्या आणि बांधल्याची सालेसुद्धा आहेत.

पुढे वाट चेस्टनटच्या रानात शिरते. या डोंगरातल्या गरिबाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न हेच; धुरावर वाळवायचे, सोलायचे, दळून पीठ करायचे. एका फाट्यावर मी नारिंगी पाटीकडे न पाहता मोबाइलवरच्या नकाशाकडे पाहिले आणि आम्ही वरच्या वाटेला लागलो. त्यामुळे तासभर अधिक चढण झाली, मुलगी "बाबा, पाटी बघायची ना" एवढेच म्हणाली, आणि बेल्लानोत उतरेपर्यंत दुपारचे तीन वाजले. इटलीत त्या वेळेला स्वयंपाकघरे बंद झालेली असतात आणि संध्याकाळी सातशिवाय चूल पेटत नाही. पत्नीने न बोलता पिशवीतून धपाटे काढले. तलावाच्या काठी बाकावर बसून, धपाट्यावर शेंगदाण्याची चटणी घेऊन आम्ही जेवलो. समोर बर्फाची टोपी घातलेली शिखरे होती.

बेल्लानोत पियोवेर्ना नदीने डोंगर चिरून केलेली अरुंद घळ आहे. कड्याला लोखंडी पूल टांगून तिच्या आतून फिरण्याची सोय केलेली आहे आणि गर्जना अशी की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते. याच पाण्याच्या जोरावर येथे सूतगिरणी चालत होती. कापसाच्या मुलखातून आलेल्या माणसाला तिच्या रिकाम्या भिंती ओळखीच्या वाटल्या. नांदेडची गिरणी आठवली.

दुसऱ्या दिवशी एका खाणावळीत पोलेंटा मागवला. ताटात आला तो पिवळा, वाफाळता, लाकडी उलथण्याने थापलेला गोळा. पत्नीने एक घास घेतला आणि म्हणाली, "अहो, ह्या तर मक्याच्या कण्या!" खरोखरच कण्याच होत्या, फक्त ताकाऐवजी लोणी. शेजारच्या टेबलावर त्याच कण्यांबरोबर मिस्सोल्तीनी होते, म्हणजे तलावातले आगोने जातीचे मासे खारवून, उन्हात वाळवून, तमालपत्राच्या थरांत दाबून ठेवलेले. माळकरी घरातले असल्याने आम्ही त्याचा वासच घेतला.

कोरेन्नो प्लिनियो हे गाव मला सगळ्यांत आवडले. त्याला हजार पायऱ्यांचे गाव म्हणतात. काही पायऱ्या बांधलेल्या, पण बऱ्याचशा मूळ खडकातच कोरलेल्या. वर किल्ल्याची भिंत आणि तिच्या शेजारी इंग्लंडातल्या कँटरबरीच्या संत थॉमसचे चर्च, तिथून बोळ थेट पाण्यापर्यंत उतरतात. गावात चाक फिरू शकत नाही. त्या बोळांतून उतरताना डोक्यात अंबाजोगाईच्या मुकुंदराजांच्या समाधीकडे जाणाऱ्या दरीतल्या पायऱ्या होत्या, लक्ष तिकडे गेले आणि शेवाळलेल्या पायरीवर पाय घसरून मी चांगलाच बसलो. लागले फारसे नाही. मुलीने बूट घ्यायला सांगितले होते आणि मी चपला घातल्या होत्या, त्यामुळे तक्रार करायला जागा नव्हती.

पश्चिमकाठाची वाट सोपी आहे. कोलोन्नो ते ग्रियांते सुमारे १० किलोमीटर, बरीचशी जुन्या रोमन मार्गाच्या रेघेवरून, उद्याने आणि प्रासाद यांच्या मधून जाते. चालायला सुखाची, पण माझ्या मते थोडी फार सजवलेली. लेन्नोच्या टोकावरचा बाल्बियानेल्लो प्रासाद तेवढा आत जाऊन पाहिला, कारण १९७३ मध्ये एव्हरेस्टवर गेलेल्या पहिल्या इटालियन मोहिमेचे प्रमुख ग्विदो मोन्झिनो त्याचे शेवटचे मालक होते आणि त्यांच्या मोहिमांचे साहित्य तिथे मांडलेले आहे. याच वाटेच्या वरच्या बाजूला जुलिनो दी मेत्सेग्रा येथे २८ एप्रिल १९४५ रोजी मुसोलिनीला गोळ्या घातल्या गेल्या. बेल्लाजो या तलावाकाठच्या प्रसिद्ध गावाबद्दल मी लिहीत नाही. तिथे आम्ही गर्दीच्या पाठी पाहिल्या.

या काठासमोर कोमाचिना हे तलावातले एकमेव बेट आहे. ११६९ मध्ये कोमो शहराच्या सैन्याने ते बेचिराख केले आणि जीव वाचवून पळालेल्यांना पलीकडच्या वारेन्नाने आसरा दिला. जूनमध्ये संत जॉनच्या सणाला येथे गोगलगाईच्या शंखांत तेलवात घालून ते दिवे पाण्यावर सोडतात. आम्ही त्यासाठी महिनाभर लवकर आलो होतो. पण खाणावळीतल्या बाईंनी मोबाइलवर चित्रे दाखवली तेव्हा पत्नीने आपल्या मोबाइलवर पैठणच्या गंगेतले द्रोणातले दिवे काढून त्यांच्यासमोर धरले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी वाती कापसाच्याच, एवढे बोटांनी सांगून झाले.

वारेन्नाच्या दक्षिणेला फ्युमेलात्ते नावाची नदी आहे. नावाचा अर्थ दुधाची नदी. खडकातून फेसाळत निघते आणि सुमारे २५० मीटर धावून तलावात पडते, संपली. साधारणपणे मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत वाहते आणि हिवाळ्यात आटते. लिओनार्दो दा विंचीनेही तिची नोंद करून ठेवली आहे. पत्नीला आठ दिवसांत हीच एक गोष्ट पूर्णपणे पटली. "नदीनं आटायला पाहिजे थोडं तरी," ती म्हणाली.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही मेनाज्जोहून बोटीने परतत होतो. वारेन्ना समोर आले आणि सगळे प्रवासी उठून फोटो काढू लागले. आम्ही दोघे मात्र घरांच्या वर, झाडीत, ती दगडी डोण नेमकी कुठे असेल ते शोधत होतो. मी किल्ल्यावरून अंदाज बांधला, तो चुकला. तिने दोन सुरूंच्या मधली वाळत घातलेली पांढरी चादर बोटाने दाखवली, कारण त्या दिवशीही डोणीशेजारच्या दोरीवर कपडे होते. बोट धक्क्याला लागेपर्यंत ती तिकडेच पाहत होती.