टार्नीट ते हॉल्स गॅप : मागे हजार किलो घेऊन

टार्नीट हे मेलबर्नचे आमचे उपनगर. तिथून पश्चिमेला असलेल्या ग्रॅम्पियन्स डोंगरांत आम्ही यापूर्वी दोनदा गेलो होतो आणि दोन्ही वेळा तंबू, गाद्या व स्वयंपाकाची भांडी डिकीत कोंबूनच गेलो होतो. या वर्षी ईस्टरच्या सुट्टीआधी आम्ही एक वापरलेला कॅम्पर ट्रेलर विकत घेतला. वर कापडी तंबू उलगडतो, मागचे फळकूट उघडले की त्यातून गॅसची शेगडी आणि ओटा बाहेर येतो, आणि पुढच्या दांडीवर सामानाची एक पत्र्याची पेटी बसवलेली आहे. विकणारा गृहस्थ म्हणाला, "तुमची गाडी दीड टन ओढते आणि हा भरून बाराशे किलोचा, मग चिंता कसली?" पुढचे तीन आठवडे मी या एका वाक्यातल्या चुका शोधण्यात घालवले.

गाडी आमची टोयोटा रॅव्ह-फोर हायब्रिड. चारही चाकांना जोर देणाऱ्या आमच्या मॉडेलला ऑस्ट्रेलियात ब्रेक असलेला १५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो. त्याच पिढीच्या, फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या हायब्रिडला मात्र अवघे ४८० किलो. बाहेरून या दोन गाड्यांत फरक ओळखणे कठीण आहे, म्हणून दुसऱ्याची गाडी पाहून टो-बार (ट्रेलर जोडण्यासाठी गाडीच्या मागे लावायचा दांडा) बसवायला निघालेल्यांनी आधी आपल्या गाडीची पुस्तिका उघडलेली बरी. ट्रेलरच्या दांडीवरील पट्टीवर दोन आकडे होते : रिकामे वजन ७४० किलो आणि भरल्यावरची कमाल मर्यादा १२०० किलो. आम्ही सहलीचे सगळे सामान भरून सार्वजनिक वजनकाट्यावर गेलो, तेव्हा आकडा निघाला १०८०. गादी, फ्रीज, बॅटरी, गॅसच्या दोन टाक्या, अंगणाचा तंबू आणि साठ लिटर पाणी मिळून ३४० किलो कधी झाले, हे आम्हा दोघांनाही कळले नव्हते.

मर्यादेच्या आत आहोत या समाधानात आम्ही जिलाँगच्या दिशेने चाचणीसाठी निघालो. प्रिन्सेस फ्रीवेवर दोन्ही बाजूंना उघडे माळ असल्यामुळे आडवा वारा लागतो. ताशी नव्वदच्या वेगात असताना एक लांबलचक मालट्रक आम्हाला ओलांडून गेला आणि त्याच्या हवेच्या झोताने ट्रेलरचे शेपूट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग पहिल्यापेक्षा जास्त डावीकडे गेले. गाडीची मागची बाजू कोणीतरी धरून हलवावी, तसे वाटत होते. अशा वेळी पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि नेमके तेच करायचे नसते. मी स्टिअरिंग सरळ धरले, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि डॅशबोर्डवरील कंट्रोलरचे बटण दाबून केवळ ट्रेलरचे ब्रेक लावले. त्यामुळे ट्रेलर मागून ताणला गेला आणि तीन-चार हेलकाव्यांत सरळ झाला. मागच्या सीटवरची दोन्ही मुले एकदम गप्प झाली होती.

घरी येऊन कपलिंगवरचे, म्हणजे ट्रेलरच्या दांडीचे टोक जिथे गाडीला जोडले जाते तिथले, वजन मोजले. त्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. सपाट जागी चाकांना उटी (अडसर) लावून, बाथरूममधल्या वजनकाट्यावर लाकडाचा ठोकळा उभा केला, कपलिंग एरवी टो-बारवरच्या गोळ्यावर, म्हणजे टो-बॉलवर, ज्या उंचीला बसते त्याच उंचीवर ते ठोकळ्यावर टेकवले आणि पुढचे लहान चाक वर उचलून घेतले. काटा ६२ वर थांबला. साधारण नियम असा की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार गाडीच्या बॉलवर यावा. आमचा सहा टक्केही नव्हता, म्हणूनच ट्रेलरचे शेपूट हलले होते. माझ्या आजोळी बैलगाडी भरताना मामा नेहमी ओरडत असे, "मागं नका लादू, गाडी उलाळंल!" मागे भार जास्त झाला की जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले होते, तरीही ट्रेलरचे स्वयंपाकघर मागे आहे म्हणून तांदूळ, डाळी, कुकर, लोखंडी तवा आणि कांद्यांची गोणी मी मागेच रचली होती.

पाण्याची टाकी चाकांच्या आसाच्या मागे आहे, ती रिकामी केली. पाणी तिथे पोचल्यावर नळावर भरता येते. कुकर, तवा आणि धान्य मिळून तीसेक किलो सामान पुढच्या पेटीत हलवले. एकूण वजन १०२० झाले आणि ठोकळ्यावरचा काटा १०४ दाखवू लागला. हे १०४ किलो गाडीच्याच वाहनक्षमतेतून वजा होतात, ही बाब मात्र बहुतेक जण विसरतात. आम्हा चौघांचे २५५ किलो, त्यात टो-बारचे वजन आणि डिकीतले सामान धरल्यावर छतावरील कॅरिअर निमूटपणे गॅरेजमध्ये ठेवावे लागले.

येथे भरलेला ट्रेलर ७५० किलोंच्या वर गेला की त्याला ब्रेक असणे कायद्याने सक्तीचे आहे. आमचे ब्रेक विजेवर चालतात आणि त्यांचा जोर कंट्रोलरवर ठरवावा लागतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी चाळीसच्या वेगात फक्त ट्रेलरचे ब्रेक लावून पाहायचे. चाके घासत थांबली तर जोर कमी करायचा, गाडीला मागून ओढ जाणवलीच नाही तर वाढवायचा. साखळ्या कपलिंगखाली एकमेकींना छेदून अडकवल्या, म्हणजे कपलिंग निसटलेच तर दांडी रस्त्यावर न आपटता त्या झोळीत पडते. साखळीचे शॅकल (जोडकड्या) वजनाची क्षमता कोरलेलेच घेतले. दिवे, हवेचा दाब आणि लांब आरसे यांत विशेष काही घडले नाही.

गुड फ्रायडेच्या पहाटे निघालो. बॅकस मार्शनंतर पेन्टलँड हिल्सची चढण लागते. तिथे मी डाव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे राहिलो आणि इंजिनचा आवाज सहन केला. एरवी शंभर किलोमीटरला पाच-साडेपाच लिटर पिणारी गाडी त्या दिवशी दहाच्या जवळ गेली. बॅलरॅट ओलांडून बोफोर्टला थांबलो आणि ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी तळहात लावून पाहिला. बेअरिंग खराब असेल किंवा ब्रेक चिकटत असेल तर एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापते. दोन्ही सारखीच कोमट होती. आरारात मागे पडल्यावर डोंगरांची करवती कड दिसू लागली.

डोंगरांतल्या हॉल्स गॅप गावच्या कॅम्पवर ट्रेलर मागे घेताना मात्र पाऊण तास गेला. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवायचा आणि ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्याच बाजूला हात सरकवायचा, ही युक्ती मला पाठ होती, पण पत्नी मागे उभी राहून "इकडे, इकडे" म्हणत होती आणि तिचे इकडे माझे तिकडे होते. शेवटी आम्ही "ड्रायव्हरची बाजू" आणि "झाडाची बाजू" असे दोनच शब्द ठरवले. मैदानावर चरणाऱ्या कांगारूंनी मान वर करून आमचा सारा प्रयोग पाहिला.

चौथ्या दिवशी परतताना कपलिंगवरचे वजन पुन्हा मोजले, तर ८३! पुढच्या पेटीतले धान्य आमच्या पोटात गेले होते आणि भिजलेला अंगणाचा तंबू मागे पडला होता. तंबू आणि घडीच्या खुर्च्या पुढे घेतल्यावर आकडा ९९ वर आला. पेन्टलँड हिल्स उतरताना वेग रोखण्यासाठी गिअर एस वर टाकला; थोड्या वेळात हायब्रिडची बॅटरी भरली आणि पाय ॲक्सिलरेटरवर नसतानाही इंजिन मोठ्याने घरघरू लागले. "बिघडली का गं बाई ही?" असे पत्नीने विचारले, तेव्हा बॅटरीत जागा उरली नाही की गाडी इंजिनच्या ओढीने वेग रोखते, हे मी तिला उतार संपेपर्यंत समजावत होतो. खाली बॅकस मार्शला रस्त्याकडेच्या दुकानातून सफरचंदांची पेटी घेतली. मुलीने कोणालाही न विचारता ती ट्रेलरच्या पुढच्या पेटीत ठेवली.