कापसाच्या दुसऱ्या वेच्याच्या दिवसांत सेवाग्राम ते पवनार

नोव्हेंबरातल्या गार सकाळी वर्ध्याहून सायकल काढली. सेवाग्रामात बापू कुटीच्या अंगणात थोडा वेळ बसलो. १९३६ साली गांधीजी इथे राहायला आले तेव्हा या गावाला शेगाव म्हणायचे.

पुढे पवनारला मोठ्या रस्त्याने जायची इच्छा नव्हती. ट्रकांचे हॉर्न मला सहन होत नाहीत. म्हणून पांदण धरली. दोन्हीकडे पांढरीशुभ्र फुटलेली कापसाची पऱ्हाटी, मधल्या ओळींत पिवळी फुललेली तूर, आणि चढ म्हणावा असा कुठे नाहीच. आणि एका बाभळीखाली मागचं चाक बसलं.

ट्यूबमधलं भोक काही केल्या सापडेना. शेजारच्या वावरात बाया कापूस वेचत होत्या. त्यातल्या एक मावशी धुऱ्यावर आल्या. "बाभळीखालून काहून येऊन राहिले भाऊ? काटेच काटे हायेत तिथं." गावातून डोक्यावर आणलेलं प्यायचं पाणी त्यांनी घमेल्यात ओतलं. मी नको नको म्हणत होतो. ट्यूब बुडवली, बुडबुडे आले, पॅच लावला.

तेवढ्यात शिदोऱ्या सुटल्या. "बसा न जी, लाजून काय राहिले?" ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी, वर कच्चा कांदा. कुठल्या हॉटेलात मला इतक्या आग्रहानं कुणी वाढलेलं नाही.

जेवल्यावर मीही वेचायला लागलो. पिकलेल्या बोंडाची टोकं वाळून सुईसारखी होतात. मावशींच्या बोटांना म्हणूनच चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. त्यांनी एक बोंड उकलून दाखवलं: तीन पाकळ्या मऊ, फुललेल्या, चौथी पिवळी पडून घट्ट चिकटलेली. "ही कवडी. अळीनं खाल्ली." ती त्यांनी वेगळ्या गाठोड्यात टाकली. चांगल्या कापसात कवडी मिसळली की भाव पडतो. माझ्या मुठीतल्या कापसाला वाळक्या पानांचा चुरा चिकटला होता. त्यांनी तो एकेक करून काढला, मगच कापूस ओटीत घेतला. रस्त्यावरून नुसतं पांढरं दिसणारं वावर असं बोंडाबोंडानं हाताखालून जातं, हे मी वर्ध्यात राहून इतकी वर्षं जवळून पाहिलं नव्हतं. याची मला फार खंत वाटली.

"तिसऱ्या वेच्याले या," निघताना त्या म्हणाल्या.

पवनारला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. विनोबांच्या आश्रमाखाली धाम नदीच्या खडकांवर बसून हात पाण्यात घातले. बोटं चुरचुरली.