पनवतीला परवानगी

परवा दुपारी जेवून जरा आडवा झालो आणि लाइट गेली. मे महिना, वर तापलेला स्लॅब, वारा घ्यायला काहीतरी हवं म्हणून फ्रिजवर हात फिरवला तर जुनी बिलं, एक मेणबत्ती आणि त्यांच्याखाली तो टाळ्यांचा पुठ्ठा. निळा, पंख्यासारख्या घड्या घातलेला. इंग्लंडातल्या लेस्टरच्या किंग पॉवर स्टेडियममध्ये फुटबॉल मॅचच्या आधी खुर्चीखुर्चीवर असा एक ठेवलेला असायचा, एका टोकाला मूठ आवळून धरायचा आणि दुसऱ्या तळहातावर हाणायचा, ३२ हजार लोकांनी एकदम हाणला की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज होतो. एकट्याने हाणला तर चप्पल झटकल्यासारखा. वारा मात्र झकास देतो. दहा वर्षं झाली, घड्या अजून कडक.

तर मी त्या गावात एक वर्ष शिकायला होतो, २०१४-१५. फुटबॉलमधलं मला ऑफसाइड सोडून बाकी सगळं कळायचं. खोली बेलग्रेव्ह रोडजवळ, म्हणजे एका बाजूला साड्यांची दुकानं, दुसऱ्या बाजूला सोनार, मधे फरसाण, आपण इंग्लंडात आलोय की चुकून राजकोटला उतरलोय असं वाटावं असा रस्ता. घरमालक काका गुजराती, कंपालात वाढलेले, १९७२ साली युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने तिथल्या सगळ्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत निघा म्हणून सांगितलं तेव्हा एका सुटकेसवर इथे आलेले. तेव्हा लेस्टरच्या कौन्सिलने युगांडातल्या पेपरात जाहिरात दिली होती की आमच्या गावात जागा नाही, येऊ नका. काका म्हणायचे, जाहिरात वाचली म्हणून तर कळलं की असं एक गाव आहे! पहिली काही वर्षं मॅचच्या शनिवारी ते घराबाहेरच पडायचे नाहीत, भीतीने. पुढे कधीतरी पडायला लागले, आणि मी गेलो तोवर काकांचं सीझन तिकीट होतं, ठरलेली खुर्ची होती, पिशवीत फॉइलमधले थेपले होते आणि तोंडात अशा काही शिव्या होत्या की मी त्या कुठल्याच भाषेत लिहू शकत नाही.

मी भारतात परत यायच्या आधी काकांनी मला एक मॅच दाखवली. शेजारच्या खुर्चीवाला गावाला गेलेला, त्याचं तिकीट. २६ सप्टेंबर २०१५, समोर आर्सेनल. आमच्या लेस्टरच्या वार्डीने सुरुवातीलाच गोल मारला आणि मी तो पुठ्ठा असा काही हाणला की पुढच्या बाईने वळून बघितलं. मग आर्सेनलने पाच घातले. शेवटी वार्डीनेच अजून एक मारला, २-५. काका थेपला खात गप्प. परत येताना बसमध्ये एवढंच म्हणाले, दीकरा, तुं पनोती छे.

मला तेव्हा हसू आलं. पण पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये. त्याच सीझनला लेस्टर प्रीमियर लीगचं, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगचं, चॅम्पियन झालं, बुकींनी सीझनच्या सुरुवातीला ५००० ला १ भाव दिलेली टीम, कोच रानिएरीबुवांची ती पोरं. अख्ख्या लीगमध्ये फक्त तीन मॅच हरले, त्यातली घरच्या मैदानावर एकच. आणि ती एक बघायला मी पुण्यातून जाऊन एक वर्ष राहून बरोबर हजर! याला योगायोग म्हणणारी माणसं असतात. काका त्यातले नव्हते. मी पुण्यात आल्यावर त्यांचा मेसेज आला की यापुढे टीव्हीवर सुद्धा बघायचं नाही, स्कोअर मी कळवत जाईन.

आणि मी पाळलं हो. आपल्याकडे हे काही नवीन नाही, सचिन नव्वदीत असताना ज्याला लघवीला जायची परवानगी नव्हती असा माणूस प्रत्येक घरात आहे. मी फक्त इंटरनॅशनल लेव्हलला गेलो. २०२१ ची एफए कपची फायनल चेल्सीशी चालू असताना मी रात्री दहा-साडेदहाला बाल्कनीत कुंड्यांना पाणी घालत होतो, बायको म्हणाली सकाळी घातलंय, म्हणलं असू दे. १-० नी जिंकले. २०२३ ला वरच्या लीगमधून खालच्या लीगमध्ये गेले तेव्हाही मी बघत नव्हतो, शेवटची मॅच तर वेस्ट हॅमशी जिंकलेच होते पण तिकडे एव्हर्टन पण जिंकलं आणि आमच्याऐवजी ते वाचलं, त्याला मी काय करणार. वर्षभरात परत वर आले. 

मग तो २०२४-२५ चा सीझन. त्याबद्दल काय बोलायचं. घरच्या मैदानावर लीगच्या सलग नऊ मॅच हरले आणि त्या नऊ मॅचमध्ये एकही गोल नाही, इंग्लंडच्या वरच्या डिव्हिजनमध्ये असं आधी कुणाचंच झालं नव्हतं. आता कबुली देतो, कारण काका मराठी वाचत नाहीत. त्यातली नववी, २० एप्रिलची लिव्हरपूलशी, हरलो तर खाली जाणार अशी. रात्री दूध तापत ठेवलेलं, फोन हातात, ०-० दिसत होतं, म्हणलं दोन मिनिटं बघू. लावली आणि काही वेळातच ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्डने, जो सुरुवातीला मैदानात पण नव्हता, गोल मारला. दूध उतू गेलं. लेस्टर खाली गेलं. गॅस पुसताना मला जे वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर शेवटची घरची मॅच १८ मे ला. समोर इप्सविच, ते पण खाली गेलेले. म्हणजे दोन बुडालेल्या माणसांनी एकमेकांना पोहायला शिकवायचं. त्याच दिवशी दुपारी तिकडे गुडिसन पार्क या आपल्या जुन्या मैदानावर एव्हर्टनच्या पुरुषांच्या टीमची शेवटची मॅच, सगळं जग तिकडे बघत रडत होतं. काकांना मेसेज केला, जाणार आहात का? आता ते पंच्याहत्तरीच्या पुढचे, गुडघे गेलेले, टीमचा नुसता राग राग करणारे. उत्तर आलं, पैसा भर्या छे ने. पाच मिनिटांनी अजून एक. आ वखते तुं पण जो. हवे शुं बगडवानुं छे.

या वेळी तूही बघ, आता काय बिघडायचंय.

हे वाचलं आणि मला एकदम शाळेचा हॉल आठवला. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, बाबा बँकेत, आणि संध्याकाळी हौशी नाट्यमंडळात. राज्य नाट्य स्पर्धेत त्या वर्षी मंडळाचं नाटक होतं, सांगली केंद्रावर, प्राथमिक फेरी. बाबांना हवालदाराचं काम, वाक्यं दोनच. "साहेब, बाहेर कुणीतरी आलंय" आणि नंतर "पंचनामा झाला साहेब." पहिलं वाक्य झालं. दुसऱ्याला आले तर त्यांची टोपी कानावर आलेली, आणि मी तिसऱ्या रांगेतून ओरडलो, बाबा, टोपी! लोक हसले. बाबांनी टोपी नीट केली आणि वाक्य विसरले. विंगेतला प्रॉम्प्टर पंचनामा, पंचनामा असा कुजबुजत होता ते मागच्या रांगेपर्यंत ऐकू जात होतं, बाबांना सोडून. नाटक पुढच्या फेरीत गेलं नाही. ते काही टोपीमुळे नसेल, नाटकच तसं होतं, पण घरी कुणी काही बोललं नाही हेच वाईट.

तर नेपथ्याचं सामान सोमवारपर्यंत भाड्याने आणलेलं. मग रविवारी आमच्याच गावात, शाळेच्या हॉलमध्ये, एक प्रयोग लावला. बक्षीस नाही, परीक्षक नाही, काही नाही. पोस्टमास्तर, दूधवाला, सगळे आले, नाटक पडलंय हे माहिती असलेले. मी दाराशी चपलांच्या ढिगाजवळ उभा होतो, आत जायचं नाही असं मीच ठरवलेलं. बाबा खाकी कपड्यात बाहेर आले आणि म्हणाले, इथे काय करतोस, पुढे जाऊन बस.

पहिल्या रांगेत बसलो. दुसऱ्या वाक्याला आले, टोपी परत कानावर. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, सावकाश टोपी सरळ केली, पंचनामा झाला साहेब म्हणाले, आणि स्क्रिप्टमध्ये नव्हता असा एक कडक सॅल्यूट ठोकला. टाळ्या पडल्या. हवालदाराला टाळ्या मी नंतर कुठल्याच नाटकात ऐकल्या नाहीत.

असो. मॅच. संध्याकाळी फोन स्टीलच्या डब्याला टेकवला, पुठ्ठा मांडीवर घेतला आणि दहा वर्षांत पहिल्यांदा सुरुवातीपासून बघायला बसलो. वार्डीची लेस्टरसाठी ही ५०० वी मॅच, गोल तोपर्यंत १९९, आणि तो ही मॅच खेळून सोडून जाणार हे सगळ्यांना माहिती. ३८ वर्षांचा माणूस. २०१२ ला फ्लीटवूडकडून दहा लाख पौंडाला आणला, त्याच्या आधी कारखान्यात काम करून फावल्या वेळात फुटबॉल खेळायचा. दर दोन मिनिटांनी मला उठून कुंड्यांकडे जावंसं वाटत होतं, हात सुद्धा शिवशिवत होते, पण काकांनी परवानगी दिलेली. अठ्ठाविसाव्या मिनिटाला जस्टिनचा पास, वार्डी आत घुसला आणि गोल. दोनशेवा. माझ्या डोळ्यांदेखत! मी पुठ्ठा तळहातावर हाणला, बायको आतून म्हणाली, झुरळ होतं का?

२-० नी जिंकले. तळातलं लेस्टर तळातल्या इप्सविचशी जिंकलं, टेबलात त्याने एका माणसाचं काही भलं झालं नाही. वार्डीला बाहेर काढला तेव्हा खेळाडू दोन बाजूंना उभे राहिले, आणि वर्षभर टीमला शिव्या घालणारी ती सगळी माणसं उभं राहून गारा पाडत होती. कॅमेरा फिरायचा तेव्हा मी काका दिसतात का बघत होतो. नाही दिसले. सगळे म्हातारे तिथे सारखेच दिसतात, निळा मफलर आणि रागावलेला चेहरा.

रात्री त्यांचा फोटो आला, खुर्चीवर ठेवलेला रिकामा फॉइल आणि त्यावर पुठ्ठा. मी लिहिलं, काका, बघितली बरं का मी, पूर्ण. म्हणजे मी पनोती नाही हे आता तरी मान्य करा. बराच वेळ टायपिंग दिसत होतं. मग आलं, ऑगस्टथी पाछुं बंध.

म्हणजे ऑगस्टपासून, नवीन सीझनपासून, परत बंद. पाळतोय अजून. त्यानंतर लेस्टरचं जे काही झालं त्यात माझा हात नाही.

लाइट अडीचला आली.