हाईड पार्क ते ट्रफाल्गर, व्हाया पुणे

रविवार, रात्री

पाय भयंकर दुखताहेत. बादलीत गरम पाणी आणि मूठभर मीठ टाकून बसले आहे, मांडीवर वही. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

शेजारच्या बीजी दर जूनमध्ये या मोर्चाला जातात. लंडनच्या साउथॉलहून, म्हणजे आमच्या भागातून, गुरुद्वाऱ्याच्या बस सुटतात, एरवी त्यांचा नातू त्यांना घेऊन जातो. यंदा तो सेवादार, म्हणजे स्वयंसेवक, त्यामुळे पहाटेच पुढे गेलेला, आणि सुनेची हॉस्पिटलात ड्यूटी. बीजींचा गुडघा हा असा. काल संध्याकाळी कुंपणावरून म्हणाल्या, "पुत्तर, तू चलेंगी मेरे नाल?" इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय. माझ्या बाळंतपणात या बाईने पंजिरी करून डबे भरून दिले होते. नाही म्हणायला तोंड कुठलं? पण हो म्हणतानाही पोटात कालवाकालव झाली. त्याचं कारण पुढे येईलच.

जून 1984 मध्ये भारतीय लष्कर सुवर्णमंदिरात शिरलं, त्याच्या स्मरणाचा हा मोर्चा. हाईड पार्कातून निघतो आणि ट्रफाल्गर चौकात भाषणांनी संपतो. ब्रिटनभरातून लोक येतात. आमच्या बसशेजारी बर्मिंगहॅमची बस लागली होती, तिच्यामागे लेस्टरची.

पार्कात उतरल्यावर आधी खाणं. हे शिखांचं मला फार आवडतं, निषेध असो की लग्न, पहिल्यांदा समोरच्याच्या पोटात काही गेलं का ते बघणार. कागदी द्रोणात छोले, एक पुरी आणि गुलाबी छबील, म्हणजे दूध, पाणी, साखर आणि गुलाबाचं सरबत. जूनमध्ये रस्त्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला ही छबील पाजायची रीत गुरू अर्जनदेवांच्या हौतात्म्याशी जोडलेली आहे. लाहोरला 1606 मध्ये तापलेल्या तव्यावर बसवून त्यांचे हाल केले, म्हणून त्यांच्या नावाने लोकांना थंडावा द्यायचा. आणि 1984 मध्ये गुरू अर्जनदेवांचा शहीदी गुरुपूरब, म्हणजे हौतात्म्यदिन, नेमका 3 जूनला होता. दरबार साहिबात, म्हणजे सुवर्णमंदिरात, गावोगावची माणसं दर्शनाला आलेली होती. त्याच दिवशी पंजाबात संचारबंदी लागली, टेलिफोन तोडले, पत्रकारांना बाहेर काढलं. 5 तारखेच्या रात्री मुख्य हल्ला झाला. मंदिराच्या आवारातल्या अकाल तख्तावर रणगाड्यांच्या तोफा चालल्या.

आत जहाल शीख नेते भिंद्रनवाले होते, शस्त्रं होती, मोर्चेबांधणी करून देणारे माजी मेजर जनरल शाबेग सिंग होते, हे मला ठाऊक आहे. बाहेर माणसं मारली जात होती, हेही. पण यात्रेकरूही आत होते. सरकारच्या श्वेतपत्रिकेत लष्कराचे 83 मृत वेगळे मोजलेत आणि बाकीचे 493. त्या 493 मध्ये नागरिक आणि दहशतवादी एकाच रकान्यात. कोण कुठला, हे वेगळं करायची तसदीसुद्धा कुणी घेतली नाही. शीख संघटना मृतांचा आकडा हजारांत सांगतात.

बीजींचे मामा त्या रकान्यात आहेत की नाहीत, हेही माहीत नाही. जालंधरकडच्या त्यांच्या गावातून एक जथा गुरुपूरबाला गेला होता, त्यात मामा होते. परत आले नाहीत. प्रेत मिळालं नाही, दाखला मिळाला नाही, अस्थी नाहीत. बीजी तेव्हा साउथॉलमध्येच होत्या, लग्न होऊन आलेल्या. फोन लागत नव्हते, म्हणून सगळे संध्याकाळी गुरुद्वाऱ्यात जमत आणि कुणाकडे काही कळलंय का ते विचारत. हे त्यांनी मला आज पार्कातल्या बाकावर सांगितलं, पुरीचा तुकडा हातात धरून. इतक्या वर्षांच्या शेजारात पहिल्यांदाच. मी कधी विचारलं नव्हतं, हे खरं.

मोर्चा निघाला. सगळ्यांत पुढे दोघं-तिघं रस्ता झाडत, मग निशान साहिब, म्हणजे शिखांचा झेंडा, मग पंज प्यारे, म्हणजे मानाचे पाच शीख, अनवाणी. लंडनचं डांबर आज चांगलंच तापलेलं होतं, तरी चालीत फरक नाही. मागे बायकांचा "वाहेगुरू"चा जप आणि त्याच्यामागे तरुण पोरं, काळे टी-शर्ट, पाठीवर "नेव्हर फरगेट 1984". फिकट निळी जॅकेटं घातलेले पोलीस बाजूने गप्पा मारत चालले होते. पिकॅडिलीवर पर्यटकांच्या उघड्या बसमधून लोक फोन वर करून शूटिंग करत होते, एकीने हात हलवला. बीजींनी तिला परत हात हलवला. वारीत दिंडीच्या मागेपुढे जशी पाण्याची, केळ्यांची, पाय चेपण्याची माणसं असतात तशी इथेही होती. मोर्चाच्या शेपटाला काळ्या पिशव्या घेऊन कचरा उचलत येणारी पोरं, त्यात बीजींचा नातू. हिलिंग्डनला जन्मलेला, कॉम्प्युटरचं शिकलेला, मला आँटी म्हणणारा.

मागण्या काय, तर दोन सरकारांकडे. भारताकडे न्याय. ब्रिटनकडे चौकशी. 2014 च्या जानेवारीत जुने सरकारी कागद खुले झाले आणि कळलं, की 1984 च्या फेब्रुवारीत ब्रिटनने एसएएस या आपल्या खास लष्करी तुकडीचा एक अधिकारी सल्ला द्यायला भारतात पाठवला होता, पंतप्रधान थॅचरबाईंच्या संमतीने. पुढच्याच महिन्यात परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी संसदेत सांगितलं, की तो निव्वळ सल्ला होता, प्रत्यक्ष कारवाईवर त्याचा परिणाम फारसा नव्हता. मोर्चातल्या लोकांचं म्हणणं, तुमचं तुम्हीच तपासून तुम्हीच निकाल दिलात, स्वतंत्र चौकशी करा. यात मला काही वावगं दिसत नाही. ज्या देशात कर भरतो त्याच्या सरकारला हिशेब विचारायचा नाही, तर कुणाला?

एका गटाच्या हातात दिल्लीतल्या नोव्हेंबरचे फोटो होते. इंदिरा गांधींची हत्या 31 ऑक्टोबरला झाली आणि पुढचे तीन दिवस राजधानीत शीख पुरुषांना घराबाहेर ओढून जाळलं गेलं. टायर, रॉकेल, आणि घरं हुडकायला मतदारयाद्या. सरकारी आकडा एकट्या दिल्लीचा 2,733. त्रिलोकपुरीतून वाचलेल्या बायकांना पुढे तिलक विहारला घरं दिली, त्या वस्तीला लोक आजही विधवा कॉलनी म्हणतात. मनमोहन सिंगांनी 2005 मध्ये संसदेत माफी मागितली. काँग्रेसचा नेता सज्जन कुमारला जन्मठेप झाली 2018 मध्ये. चौतीस वर्षं! एका तरुण मुलीने आपल्या आजोबांचा फोटो छातीशी धरला होता, लग्नातला असावा, फेट्याला मुंडावळ्यांसारखा सेहरा. तिच्या बाजूने मी बराच वेळ चालले. तिथे मला काहीच खटकलं नाही.

मग ते पोस्टर आलं.

एक सरदारजी, सत्तरीचे, अगदी प्रेमळ. मला पाण्याची बाटली दिली, विचारलं, कुठली तू? मी म्हटलं, महाराष्ट्र. एरवी शीख माणसाला महाराष्ट्र म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "हजूर साहिब!" आणि नांदेडला ते कधी जाऊन आले त्याची गोष्ट. तेही म्हणाले, हजूर साहिब, सतनाम वाहेगुरू, चार वेळा मत्था टेकून आलोय. महाराष्ट्रात पण कुठे? मी म्हटलं, पुणे.

"पूना? सुक्खा-जिंदा वाला पूना?" आणि हात वर करून त्यांनी पुढचं पोस्टर दाखवलं. दोन तरुण चेहरे, भोवती फुलं.

माझं पुणे वेगळं आहे. 10 ऑगस्ट 1986, रविवार होता. मी दहा वर्षांची. जनरल अरुणकुमार वैद्य, कारवाईच्या वेळचे लष्करप्रमुख, त्याच वर्षी जानेवारीत निवृत्त होऊन पुण्यात राहायला आले होते. दोनदा महावीरचक्र मिळालेला माणूस. बाजार करून स्वतः मारुती चालवत घरी निघाले होते, बायको शेजारी. मोटरसायकलवरून दोघं आले आणि गोळ्या घातल्या. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. आमचं त्यांच्याशी नातं नव्हतं की ओळख नव्हती, पण बाबांना ते आपल्या घरातलं वाटलं. कॅम्पात नाक्यानाक्यावर पोलीस, आणि आईने आम्हाला आठवडाभर अंगणाबाहेर सोडलं नाही. त्या खुनाबद्दल सुखदेवसिंग सुक्खा आणि हरजिंदरसिंग जिंदा यांना येरवड्यात फाशी झाली 9 ऑक्टोबर 1992 ला.

सरदारजींना मी काही बोलले नाही. रस्त्यात उभं राहून काय बोलणार? पण पोस्टरच्या मागून मी बाजूला झाले, फुटपाथवरून चालायला लागले. बीजींना कळलं असावं. म्हणाल्या, मी फोटो बघायला येत नाही, मी मामांसाठी येते. आणि माझा हात धरून त्याही फुटपाथवर आल्या, दुखऱ्या गुडघ्याने कर्बची पायरी चढून.

ट्रफाल्गर चौकात गर्दीच गर्दी. आम्हाला सावली मिळाली ती हॅवलॉकच्या पुतळ्याच्या चौथऱ्याला टेकून. 1857 मध्ये कानपूर-लखनौवर चालून गेलेला तो हॅवलॉक, त्याच्या फौजेत शीख पलटणही होती. साउथॉलचा मोठा गुरुद्वारा ज्या रस्त्यावर आहे त्याचं नावही हॅवलॉक रोड. अलीकडे गुरुद्वाऱ्यासमोरच्या भागाचं गुरु नानक रोड झालंय. बीजी पत्ता सांगताना अजून हॅवलॉकच म्हणतात, त्याचा उच्चार "हवालाक".

भाषणांत पिवळे झेंडे वर आले, खलिस्तानच्या घोषणा झाल्या. मला खलिस्तान पटत नाही, आणि व्यासपीठावरच्या दोघा-तिघांचा सूरही पटला नाही. पण आरडाओरडा झाला नाही की धक्काबुक्की झाली नाही, पोलिसांना हातातला कॉफीचा कपसुद्धा खाली ठेवावा लागला नाही. एक गोष्ट मात्र मनातून जाईना. आम्ही सकाळी जिथे उतरलो तिथून चार पावलांवर, मार्बल आर्चच्या मागच्या गल्लीत, 2012 मध्ये लेफ्टनंट जनरल कुलदीपसिंग ब्रार यांच्या गळ्यावर सुरी चालवली होती. कारवाईचं नेतृत्व त्यांनी केलेलं. मुंबईहून बायकोबरोबर सुट्टीला आले होते, वय 78. वाचले. हल्लेखोरांना शिक्षा झाली.

परतीच्या बसमध्ये नातू शेजारी येऊन बसला. मी विचारलंच. ते दोघं पोस्टरवर कशाला? तो म्हणाला, आँटी, कारवाई झाली तेव्हा लष्करप्रमुख वैद्यच होते. मी म्हटलं, हुकूम सरकारचा होता, आणि मारलं तेव्हा ते निवृत्त म्हातारा माणूस होते, बाजारातून घरी निघालेले. तो म्हणाला, बीजींचे मामापण मत्था टेकून घरी निघणार होते. मी म्हटलं, म्हणून तर मी आज आले. आणि बॉम्बने उडवलेल्या एअर इंडियाच्या कनिष्क विमानातले 329? 23 जून 1985, त्यात तर मुलंच किती होती. त्यांचं पोस्टर कुठे होतं? यावर तो गप्प झाला, मग म्हणाला, ते आमच्यात फारसं कुणी बोलत नाही. बीजी पुढच्या सीटवर घोरत होत्या.

सोमवार

सकाळी आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर छबीलचा एक फोटो टाकला. चूक की बरोबर देव जाणे, पण तासाभरात वीस मेसेज. "खलिस्तानवाल्यांच्या मोर्चात तू काय करत होतीस?" "वैद्य साहेबांना विसरलीस?" एकाने तर पुण्याचं पाणी काढलं. वैद्यांना विसरले असते तर फुटपाथवर चढले नसते, पण हे ग्रुपवर लिहून काय उपयोग. एवढंच लिहिलं, की दिल्लीचा 2,733 हा आकडा सरकारचाच आहे, आणि शेजारणीच्या मामांचा मृत्यूचा दाखला अजून मिळालेला नाही. त्यानंतर कुणीतरी गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाला पोहे किती किलो लागतील ते विचारलं आणि विषय संपला. पंधरा किलो, म्हणे. जास्त होतात.

बीजींचा गुडघा सुजलाय. संध्याकाळी जाऊन शेक दिला.

रात्री नातवाचा मेसेज. त्याने वैद्यांबद्दल वाचलं होतं. विचारलंय, गाडीत शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीचं काय झालं? मी कळवलं, जखमी झाल्या, पण वाचल्या. लगेच दुसरा प्रश्न, फाशी झाली तेव्हा तू पुण्यात होतीस का? म्हटलं, होते, अकरावीत. येरवड्याकडचे रस्ते बंद होते. तो लिहितो, मग सगळं सांग, पण मला माझंही सांगायचंय, आणि तू मध्ये बोलायचं नाहीस.

शनिवारी चहाला ये म्हटलं. मध्ये बोलणार नाही याची खात्री दिलेली नाही.